गार टोक

कपाट लग्नातलं, बर्चच्या लाकडाचं.
वर ताटं, खाली चादरी.
शेजारचा ओस्मो म्हणाला, तेलेर्वो,
सापासाठी हे मोडतेस?
म्हटलं, मोडत नाही, आडवं करतेय.

येरे लष्करात गेला अकरा महिन्यांसाठी
आणि जाताना माझ्या स्वयंपाकघरात ठेवून गेला
एक प्लास्टिकचा डबा,
बर्फाच्या कप्प्यात बावीस गोठलेले उंदीर,
आणि रुइस:
मक्याचा साप, चार फुटी,
गंजल्या बिजागरीच्या रंगाचा.
'आजी, त्याला एका टोकाला तीस अंश लागतात.'
बस, एवढंच.

केमीत जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
सूर्य तीन-चार तास येतो, तोही
उधारी मागायला आल्यासारखा, दारातूनच परत.
तीस आणि उणे एकतीस यांच्या मध्ये
मी, आणि माझं विजेचं बिल.

कागदाच्या कारखान्यात मी छत्तीस वर्षं
वाफेचे नळ जोडले. ऊब मला ठाऊक आहे.
फट दिसली की पळते,
वर चढून बसते, खालच्याला विचारत नाही.
म्हणून मागे दोन बोटं जाड थर्माकोल, त्यावर फळी.
भोकं उजवीकडे खाली तीन, डावीकडे वर चार.
श्वास यावा आणि ऊब राहावी,
हे गणित माझ्या स्वतःच्या घराला
अजून सुटलेलं नाही.

सांध्यांत सिलिकॉन भरलं. व्हिनेगरचा वास.
तो जायला पाच दिवस.
तोवर डब्याखाली गरम पाण्याची बाटली,
दर तीन तासांनी बदलायची.
तान्ह्या लेकीसाठी मी इतक्यांदा उठले नव्हते.
विचारा तिला.

दिवा चिनीमातीचा. उजेड देत नाही, नुसता तापतो.
म्हटलं, काही माणसं असतात अशी.
ओस्मो हसला नाही.
दिव्याभोवती जाळी घातली, कारण सापाला
भाजलेलं उशिरा कळतं;
बरं वाटतंय म्हणून बिलगून राहतो
कातडी जाईपर्यंत.
यावर मीही काही बोलले नाही.

पहिल्या रात्री, कपाट रिकामंच असताना,
पारा एकेचाळीसवर.
पहाटे बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसले.
तापमान मोजणारी वायर, उंदराच्या शेपटीएवढी,
चिकटपट्टीतून निसटून
पार गार कोपऱ्यात जाऊन पडलेली.
तिथून ती सांगत होती, थंडी आहे, थंडी आहे,
आणि दिवा बिचारा तिचंच ऐकून
जीव तोडून तापत होता.

ओरडले नाही कुणावर. वायर खिळ्याने अडकवली.
मग दोन दिवस पहारा. वहीत आकडे:
तीस, तीस, एकोणतीस, तीस.
गार टोकाला चोवीस.
कारखान्यातल्या नोंदवहीसारखे, तारीख-वेळ घालून.

रविवारी रुइसला आत सोडलं.
जीभ काढत सगळं हुंगत फिरला,
काच, बर्चची फांदी, पाण्याचा वाडगा.
दिव्याखालच्या सपाट दगडावर क्षणभर थांबला,
माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात
वळला, सरळ दुसऱ्या टोकाला गेला,
माझ्या जुन्या नमद्याच्या बुटात शिरला,
आणि बसला. चोवीस अंशांत. दिवसभर.

येरेला फोन लावला, चिडून.
'बरोबरच आहे, आजी,' म्हणाला.
'तो ऊब शोधत नाही. ऊब निवडतो.
हवी तेव्हा जाता यावं, पुरे.'
मागून कुणीतरी ओरडलं, आणि त्याने फोन ठेवला.

घरात सतरा अंश. त्यावर परवडत नाही.
रात्री खुर्ची ओढून
कपाटाच्या गरम टोकाला पाठ टेकून बसले,
विणायला घेतलं, विणलं नाही.
तीनच्या सुमारास आत वाळूवर
काहीतरी सरकल्यासारखं झालं.
वळून बघितलं नाही.

ताटं अजून जमिनीवरच आहेत,
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली.
ओस्मो विचारतो, यांचं काय करणार?